उत्तर गोव्यातल्या गोड्या तळ्यांवर गरवणं: मये, आमठाणे, अंजुणे

मोगरी:
दर्यातल्या आणि खाडीतल्या गळाबद्दल इथे भरपूर लिहून झालंय. गोड्या पाण्याबद्दल शोधलं तर दोन-चार ओळींपलीकडे काही सापडत नाही, म्हणून हा धागा. पावसाळा सरला की मये, आमठाणे, अंजुणे या बाजूला गरवायला (गळाने मासे धरायला) जायचंय. सोबत १० वर्षांचा मुलगा आणि वयस्क बाबा असतील. साधी काठी पुरे की रीळ लागेलच? आमिष काय लावायचं? आणि मुख्य अडचण अशी की भेंड (दोरावरचा तरंगता तुकडा) तासन्‌तास जागचं हलत नाही, आमिष वर काढावं तर चिखलाने माखलेलं असतं. चुकतंय कुठे?

गरीकार:
मोगरीबाय, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. आमिष चिखलात माखून येतंय म्हणजे खोली न मोजता भेंड लावलंय. तळ्याचा तळ नदीसारखा धुऊन निघत नाही. डोंगरावरून उतरलेली माती आणि कुजलेला पाला वर्षानुवर्षं साचून तिथे मऊ लगदा झालेला असतो, आणि डिचोलीच्या खाणपट्ट्यात तर लाल गाळाची भर. दोर हातभर जास्त झाला की शिसं त्या लगद्यात रुततं, मागोमाग आमिषही जातं, आणि भेंड वर आडवं पडून राहतं. माशाने आमिष चाखलं तरी आडव्या भेंडाला त्याचा पत्ता लागत नाही.

खोली मोजायला विकत काही घ्यावं लागत नाही. भेंड सहज बुडवील एवढं जड शिसं गरीलाच (गळाच्या आकड्यालाच) अडकवा. अंदाजाने भेंड दोरावर सरकवून ठेवा आणि जिथे गरवायचं तिथेच सोडा. बुडालं तर पाणी दोराहून खोल आहे, भेंड गरीपासून आणखी दूर सरकवा. आडवं पडलं तर दोर जास्त झाला, भेंड गरीकडे आणा. भेंडाचं टोक तेवढं पाण्यावर उभं राहिलं की खोली मिळाली. मग गरी काठीच्या बुडाशी धरून, भेंड काठीवर जिथे येतं तिथे चिकटपट्टीची खूण करा. दिवसभरात भेंड सरकलं तरी पुन्हा मोजत बसावं लागत नाही.

हे एकाच जागी करून थांबू नका. काठापासून हात-हात पुढे सरकत पाच-सहा ठिकाणी मोजा. गुडघाभर, मांडीभर, कमरेएवढं असं उतरत उतरत एके ठिकाणी पाणी एकदम पुरुषभर होतं. ती पायरी. उजाडताना आणि तिन्हीसांजेला मासे त्या पायरीच्या कडेकडेने फिरतात, ऊन चढलं की तिच्याखाली उतरतात. पहिला अर्धा तास पायरी शोधण्यात गेला तरी तो वाया गेला असं समजू नका. बाकी सगळं, काठी, आमिष, दोर, त्याच्यानंतर येतं.

आता आमिष कुठे ठेवायचं ते. तिलापियासाठी तळापासून चार बोटं वर. मृगळ आणि कॉमन कार्प तळ उकरून खातात, त्यांच्यासाठी आमिष तळाला जेमतेम टेकलेलं असावं, रुतलेलं नव्हे. रोहू मधल्या पाण्यात फिरतो, पण खाद्य टाकलं की खाली येतो. कटला मात्र वरच्या पाण्यातला. त्याचं तोंडच वर वळलेलं असतं, त्यामुळे तळावर ठेवलेल्या आमिषाकडे तो सहसा फिरकत नाही.

वझर:
गरीकारबाब, यात वाऱ्याची भर घालतो. फेब्रुवारी ते मे दुपारनंतर समुद्राकडचा वारा सुटतो आणि वरचं पाणी पूर्वेच्या काठाकडे ढकलत नेतो. त्याबरोबर शेवाळ, किडे, गवताचं बी तिकडे जमतं. लाटा आपटणाऱ्या काठावर बसायला कंटाळा येतो, भेंड दिसत नाही, दोराला पोट येतं, म्हणून लोक निवाऱ्याचा काठ धरतात. मासे समोरच्या काठावर असतात.

काठी की रीळ? मुलासाठी आणि बाबांसाठी ४ ते ५ मीटरची घडीची काठी घ्या, रीळ नको. दोर काठीएवढाच लांब ठेवा म्हणजे मासा आपोआप हातात येतो. तिलापिया आणि पितोळसाठी ०.१८ ते ०.२० मिलिमीटरचा तंगूस (नायलॉनचा दोर), १० किंवा १२ नंबरची गरी. गरीचा नंबर वाढला की गरी लहान होते, दुकानात इथेच घोटाळा होतो. १/०, २/० हे आकडे उलट, तिथे नंबर वाढला की गरी मोठी.

शिशाचे दाणे एकत्र ठेवू नका. मोठे दोन भेंडाखाली, आणि सगळ्यात लहान एक गरीच्या वीतभर वर. या खालच्या दाण्याचं काम महत्त्वाचं. माशाने आमिष उचललं की तो दाणा उचलला जातो आणि भेंड बुडण्याऐवजी वर येतं. वर आलेलं भेंड हीसुद्धा खूणच, तेव्हाही काठी उचलायची. बहुतेक जण फक्त बुडण्याची वाट बघतात.

मोठ्या रोहू-कटल्यामागे जायचं तर रीळ हवं. ०.३० चा तंगूस, ४ ते ६ नंबरची गरी, आणि ड्रॅग (रिळाचा ब्रेक) दोराच्या ताकदीच्या चौथ्या भागाएवढा. म्हणजे दोर ६ किलोचा असेल तर दीड किलो ओढल्यावर रीळ सुटायला हवं. घरच्या काटा-तराजूला दोर अडकवून ओढून बघा. अंगठ्याच्या अंदाजाने लावलेला ड्रॅग जवळजवळ नेहमी जास्त घट्ट निघतो, आणि काठाशी आलेल्या माशाच्या शेवटच्या धडकेत दोर तुटतो.

मोगरी:
खूप उपयोग झाला दोघांच्या माहितीचा. आता आमिषाचं सांगा. गांडूळ सगळ्याला चालतं का? आणि कणकेचा गोळा दोन मिनिटांत विरघळून जातो, त्याला काय करायचं?

गरीकार:
गांडूळ तिलापिया, पितोळ, शिवडा, वाम सगळ्यांना चालतं. म्हणूनच रोहू हवा असेल तर गांडूळ नको, लहान मासे रोहूपर्यंत काही पोचूच देत नाहीत. गांडूळ ओलसर मातीत आणि सावलीत ठेवा. पाण्यात ठेवलेलं तासाभरात पांढरं आणि ढिलं पडतं.

कणकेचा गोळा विरघळतो कारण तो कच्चा असतो. दोन वाट्या गव्हाचं पीठ, अर्धी वाटी भाजलेल्या चण्याचं पीठ, चमचाभर भाजून कुटलेली मेथी, चिमूटभर हिंग. घट्ट मळा, लिंबाएवढे गोळे करा, उकळत्या पाण्यात टाका. वर तरंगून आले की आणखी दोन मिनिटं ठेवून काढा आणि गरम असतानाच पुन्हा मळा. असं पीठ रबरासारखं होतं, गरीवर अर्धा तास टिकतं. गरीचं टोक मात्र पिठाबाहेर जेमतेम दिसू द्या. पीठ घट्ट आणि टोक आत गाडलेलं असेल तर काठी उचलल्यावर गरी माशाच्या तोंडातून पिठासकट निसटून येते.

कटल्यासाठी पोदेराकडचा (पाववाल्याकडचा) उंडो पाव आणा. वरची कडक साल बोटाच्या पेराएवढी तोडून ६ नंबरच्या गरीवर लावली की ती तरंगते. शिसं अजिबात नको. आतला मऊ भाग दाबून चपटा करा, तो सावकाश बुडत जातो आणि मधल्या पाण्यात काम करतो. दोन्हीला एक पाव पुरतो.

मासे जमवायचं खाद्य वेगळं करायचं. १ किलो तांदळाचा कोंडा, रात्रभर भिजवलेली अर्धा किलो शेंगदाण्याची पेंड, तळ्याच्या काठचीच दोन मुठी माती. पाणी थोडं थोडं घाला. मुठीत दाबल्यावर गोळा राहावा, अंगठ्याने ढकलल्यावर फुटावा. एक गोळा बादलीत टाकून बघा. तळाला पोचून दोन-तीन मिनिटांत फुलत गेला तर बरोबर. पाण्यावर पडतानाच फुटला तर कोरडा आहे, सगळं खाद्य वरच पसरेल आणि वाऱ्याबरोबर जाईल. दहा मिनिटं दगडासारखा राहिला तर पाणी जास्त झालंय. सुरुवातीला नारंगीएवढे चार गोळे, मग अर्ध्या तासाने एक. किलोच्या किलो ओतलं की मासे पोट भरून निघून जातात आणि उरलेलं तळाशी कुजतं. कुजण्यात पाण्यातला प्राणवायू खर्ची पडतो, त्या काठाला मासा मग दिवस-दिवस फिरकत नाही.

खाजन:
प्राणवायूचा विषय निघाला म्हणून. दिवसभर मळभ, वारा पडलेला, आणि पहाटे सगळे मासे पृष्ठभागावर तोंडं उघडून दिसतात. ते खायला आलेले नसतात. रात्री शेवाळ आणि पाणवनस्पतीसुद्धा प्राणवायू वापरतात, आदल्या दिवशी ऊन नसेल तर साठा झालेलाच नसतो, आणि उजाडताना तो सगळ्यात कमी असतो. अशा वेळी काहीही लावा, मासा तोंड लावत नाही. ऊन येऊन दोन तास होऊ द्या.

दुसरं, आमठाण्याचं पाणी अचानक उतरू शकतं. तिळारीचा कालवा बंद पडला की अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पासाठी आमठाण्यातून पाणी सोडतात. पाणी उतरायला लागलं की मासे उथळ भाग सोडतात, आणि काल शोधलेली पायरी आज उघड्यावर पडलेली असू शकते. तिथे रोज खोली नव्याने मोजावी लागते.

पाणलोट:
मरळीबद्दल कुणीच लिहिलं नाही! कमळ आणि शेवाळाने भरलेल्या पाण्यात खरी मजा तिचीच. आमिष म्हणून पोकळ रबरी बेडूक, ७ फुटी कडक काठी, ३० ते ४० पाउंडांचा ब्रेड (विणलेला दोर), पुढे हातभर ०.६० चा तंगूस, कारण दात आहेत. ब्रेड पातळ घेतला तर वनस्पतीच्या देठांत मासा अडकतो आणि तिथेच तुटतो.

बेडूक जिथे मासा असेल असं वाटतं त्याच्या दोन हात पलीकडे टाका, थेट डोक्यावर नाही. तीन-चार छोटे झटके, मग पानांमधल्या उघड्या पाण्यात आला की थांबवा. बहुतेक वेळा थांबलेल्या बेडकावरच झडप पडते. आणि इथेच दहातले आठ मासे सुटतात, कारण पाणी फुटल्याचा आवाज ऐकला की हात आपोआप उचलला जातो. मरळ आधी झडप घालते, मग तोंड मिटून खाली वळते. आवाज आला की काठी खाली करा, ढिला दोर गुंडाळा, दोरावर वजन जाणवलं की मग जोरात वर. तरीही सुटत असतील तर बेडकाच्या दोन्ही गऱ्या पक्कडीने केसभर बाहेर वळवा आणि रबरी पाय दोन बोटं कापून टाका. दर दहा-बारा फेकींनंतर बेडूक दाबून आतलं पाणी काढा, पाणी भरलेला बेडूक बुडत बुडत येतो.

पावसाच्या सुरुवातीला लाल पिल्लांचा घोळका दिसला की तिथे बेडूक टाकायचा, मरळ हमखास खालीच असते.

रानवाट:
पाणलोटबाब, बाकी सगळं पटलं, शेवटचं नाही. तो लालसर घोळका वर-खाली होतो कारण पिल्लांना हवा घ्यायला वर यावं लागतं. नर-मादी खाली राखण करत असतात. त्या वेळी मरळ बेडकावर झडप घालते ती भुकेने नाही, पिल्लांजवळ आलेल्या वस्तूला हाकलायला. ती जोडी काढली की तिलापिया आणि पितोळ तासाभरात घोळका संपवतात. एका माशापायी पुढच्या पिढीतले शेकडो गेले. छोट्या तळ्यात दोन-तीन पावसाळे असं झालं की मरळ दिसेनाशी होते. घोळका दिसला तर काठी आवरा आणि दुसरा काठ धरा.

पाणलोट:
मान्य. झडप भुकेची नसते हे ध्यानात घेतलं नव्हतं. ते वाक्य कुणी पाळू नका.

रानवाट:
धन्यवाद. त्याच ओघात आणखी एक. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. जलाशयात जे आहेत ते बहुतांशी बीज सोडलेले. म्हणून वीतभर रोहू मिळाला तर हात ओले करून गरी काढा आणि सोडा. कोरड्या हाताने धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी लागते. तिलापिया परका मासा, तोंडात अंडी सांभाळतो, वर्षभर वाढतो, तो हवा तेवढा न्या. थाई मांगूर गळाला लागला तर परत सोडू नकाच. त्याच्या पैदाशीवर आपल्या देशात २००० सालापासून बंदी आहे, कारण तो बाकी सगळं खाऊन टाकतो.

सुरुंग, ब्लिचिंग पावडर, विजेच्या तारा यांबद्दल इथे चर्चाही नको. स्फोटकं आणि विष घालून मासे मारणं १८९७ च्या मासेमारी कायद्याखाली गुन्हा आहे.

मोगरी:
परवानगी कुणाची घ्यायची? आणि आमठाण्यात मगरी आहेत असं ऐकलं, मुलाला नेणं सुरक्षित आहे का?

खाजन:
तळ्याचा मालक कोण यावर अवलंबून. गावातली जुनी तळी बरेचदा कोमुनिदादची (गावकरी संस्थेची) असतात, मासे धरण्याचा हक्क वर्षापुरता लिलावात कुणाला दिलेला असू शकतो. पंचायतीत किंवा कोमुनिदादच्या कचेरीत विचारायचं. धरणांच्या जलाशयांवर जलस्रोत खातं. भिंत, सांडवा आणि दरवाजे यांच्या जवळपास बसायचंच नाही. अंजुणेकडे म्हादई अभयारण्याची हद्द लागते, अभयारण्यात गळ टाकता येत नाही, म्हणून जागा ठरवण्याआधी वन खात्याच्या नाक्यावर विचारा. पावसाळ्यात अंजुणेचे दरवाजे उघडले की वाळवंटी नदी साखळीत झपाट्याने वाढते, तेव्हा धरणाखालच्या पात्रात उतरू नका. मयेला पर्यटकांच्या होड्या चालतात, होड्यांच्या बाजूचा काठ गळ फेकायला योग्य नाही.

रानवाट:
मगरी आहेत, आणि हे हसण्यावारी नेऊ नका. कुंभारजुव्याच्या कालव्यात त्या सगळ्यांना ठाऊक आहेत, पण गोड्या जलाशयांतही असतात. आपल्याकडे पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा, म्हणजे मानगे थापनी, करतात, ती काही उगाच नाही. ज्या पाण्यात मगरीची खात्रीशीर माहिती आहे तिथे मुलाला नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत. मोठ्यांनीही पाण्यात पाय सोडून बसू नये, उंच आणि उघड्या काठावर, पाण्यापासून तीन-चार मीटर मागे बसावं. धरलेले मासे दोरीत ओवून पायाशी पाण्यात टांगणं ही सगळ्यात धोक्याची सवय. बर्फाचा डबा वापरा. मासे काठावर साफ करू नका, आतडी पाण्यात टाकू नका, आणि एकाच जागी रोज त्याच वेळी हात धुवायला वाकू नका. फेब्रुवारी ते एप्रिल मगरी काठावर अंडी घालतात, तेव्हा झुडपांच्या मातीत शिरू नये.

त्याहून जास्त गाठ पडते ती छोट्या गोष्टींशी. सत्तरी तालुक्यात (अंजुणे तिथलंच) डिसेंबर ते मे माकडतापाचा हंगाम. गोचिडीमुळे होतो. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, उघड्या अंगाला डेपा तेल (गोचिडी दूर ठेवणारं), पाल्यावर बसायचं नाही, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे वेगळे. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. पुढच्या आठवड्याभरात ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आधी सांगा. पावसात पायाला जखम असेल तर गमबूट, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस तापाची) भीती असते. आणि मे व ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडायला लागलं की कार्बनची काठी लगेच आडवी ठेवून दूर व्हा. ती वीज वाहून नेते. विजेच्या तारांखालीही तसंच.

वझर:
बाबा आणि मुलगा असतील तर मयेच बरं. पणजीहून रायबंदरला जा, फेरीने चोडणला उतरा आणि तिथून रस्त्याने मये. ओहोटीच्या वेळी चोडणच्या कांदळवनाकडेने जाताना पक्षी दिसतात, सलीम अली अभयारण्य तिथेच आहे. गरवणं सकाळी दहापर्यंत संपतं. मग नार्वेला सप्तकोटेश्वर, ज्याचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. थंडीत जात असाल तर परतताना करमळीचं तळं बघा, स्टेशनपासून जवळ. तिथे गळ नको, दुर्बीण न्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बदकं उतरतात, आणि काठाला देवभात म्हणजे रानटी भात उगवलेला असतो.

सोलां:
मासे घरी नेल्यावरचं मी सांगते, कारण तळ्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो म्हणून लोक तो एकदा करतात आणि सोडून देतात. तो वास चिखलाचा नसतो. पाण्यातल्या निळसर शेवाळातून आणि जिवाणूंतून जिओस्मिन नावाचा पदार्थ येतो आणि माशाच्या चरबीत साठतो. आंबट लावलं की तो कमी होतो. पोटातला काळा पापुद्रा सुरीच्या पाठीने पूर्ण खरवडून काढा, तिलापियात तो जास्त असतो. कल्ले काढा, कण्यालगतची रक्ताची रेघ नखाने उकरून धुवा. मग तुकड्यांना मीठ आणि चिंचेचा दाट कोळ चोळून २० मिनिटं, आणि ते पाणी ओतून टाका. ते हुमणात (माशाच्या आमटीत) घालायचं नाही. हुमणाला सोलं (आमसुलं) नेहमीपेक्षा दोन जास्त.

जून-जुलैत, ट्रॉलर बंद असताना, बाजारात रोहूही येतो. त्याच्या शेपटाकडच्या भागात दुबेळकी काटे असतात. तो तुकडा तळायचा असेल तर दोन्ही बाजूंनी धारदार सुरीने जवळ जवळ, तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर, कण्यापर्यंत चिरा द्या. कढत तेलात बारीक झालेले काटे कुरकुरीत होतात आणि जिभेला लागत नाहीत. मुलाला मात्र पोटाकडचाच तुकडा द्या.

मोगरी:
सोलांबाय, मरळीलाही चिंच लागेल का?

सोलां:
मरळीला वास कमी असतो, मीठ-हळद पुरे. कातडं बुळबुळीत असतं म्हणून आधी राख किंवा जाडं मीठ चोळून मग खवले काढा, नाहीतर सुरी हातावर घसरते. काटे कमी, त्यामुळे बाबांना तीच वाढा.